कॉर्नेलिया हेस्से-होनेगर यांची कीटकचित्रे : नमुना आणि जीव

प्राणिशास्त्रीय चित्रात नमुन्याचा एखादा पाय तुटलेला असला, तर तो दुसऱ्या बाजूच्या पायावरून पुरा केला जातो. कारण ते चित्र त्या कीटकाचे नसते, त्याच्या जातीचे असते. झुरिच येथे १९४४ साली जन्मलेल्या हेस्से-होनेगर यांनी तेथील विद्यापीठासाठी सुमारे पंचवीस वर्षे अशी चित्रे काढली. प्रयोगशाळेत रसायनांनी उत्परिवर्तित केलेल्या फळमाश्याही त्यांनी रंगवल्या होत्या.

चेर्नोबिलच्या १९८६ मधील दुर्घटनेनंतर किरणोत्सारी पाऊस पडलेल्या स्वीडनमधील भागात त्या १९८७ मध्ये गेल्या आणि त्यांनी पानांवरील ढेकण्या गोळा केल्या. आखूड स्पर्शिका, असमान पंख अशी व्यंगे असलेल्या या कीटकांची जलरंगातील चित्रे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. इतक्या अल्प मात्रेने असे घडणे शक्य नाही, अशी टीका शास्त्रज्ञांनी केली. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडमधील अणुवीज केंद्रांचा परिसर, सेलाफील्ड आणि खुद्द चेर्नोबिल पालथे घातले.

या चित्रांचे वेगळेपण विषयापेक्षा दृष्टीत आहे. सूक्ष्मदर्शक तोच, रेषेची शिस्तही तीच. मात्र वाकडा पंख आता सरळ केला जात नाही. जातीच्या प्रतिनिधीऐवजी विशिष्ट ठिकाणी सापडलेला एकच जीव चित्राचा विषय होतो. करुणेला आवाहन करणारी एकही छटा तेथे नाही. वडील गॉटफ्रीड होनेगर हे काँक्रीट आर्टचे चित्रकार. तो अलिप्तपणा येथेही जाणवतो.

टीकाकारांचा आक्षेप मात्र सर्वस्वी गैरलागू ठरत नाही. फळमाशीच्या बाबतीत कारण आधीच ठाऊक होते; रानातल्या ढेकणीच्या बाबतीत ते शोधायचे होते, आणि प्रमाण दाखवणे एकट्या चित्राच्या आवाक्यात नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६,००० हून अधिक कीटकांची नोंद आहे : तुलनेने अबाधित अधिवासांत १ ते ३ टक्के, तर काही ठिकाणी २२ टक्क्यांपर्यंत शारीरिक व्यंगे. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि ही मोजणी विद्यापीठांनी करावयाची होती. ती करण्यासाठी एका चित्रकर्तीला वीस वर्षे रानोमाळ हिंडावे लागले.