वर्गात आखलेली भिंत
माया लिनच्या विद्यार्थिदशेतील आराखड्यांचे एक वाचन

एखाद्या कवीची शाळकरी वही सापडली, की आपल्याकडे तिच्यावर लेख होतो. पहिल्या संग्रहाआधीच्या कविता, संपादकांनी परत पाठवलेले कागद, मित्राच्या पत्रात उतरवलेल्या चार ओळी, या सगळ्याला समीक्षक हात लावतो. वास्तुकाराच्या बाबतीत मात्र समीक्षा सुरू होते ती पहिल्या बांधलेल्या इमारतीपासून. शिक्षणाच्या पाच वर्षांत त्याने आठ-दहा वास्तू तरी आखलेल्या असतात. बसथांबा, बालवाडी, वसतिगृह, ग्रंथालय आणि शेवटी प्रबंधाचा मोठा प्रकल्प. ज्युरी, म्हणजे परीक्षकांचे मंडळ, त्या शीटांसमोर थोडा वेळ उभे राहते, दोन-चार प्रश्न विचारते, गुण देते. मग ती गुंडाळी घरच्या माळ्यावर जाते. जिला मालक नाही, पैसा नाही आणि पायाही नाही अशा वास्तूची समीक्षा करायची तरी कशी, असे आपण गृहीत धरून चालतो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की विद्यार्थ्याचे प्रकल्प एकेकटे पाहिले तर बहुधा कच्चेच दिसतात; पण ओळीने पाहिले तर कधीकधी त्यांतून एकच प्रश्न पुढे सरकताना दिसतो. समीक्षेचा विषय तो प्रश्न असतो. हे तपासायला एक उदाहरण विशेष सोयीचे आहे. वर्गात आखलेला प्रकल्प जवळजवळ जसाच्या तसा बांधला जाण्याचा योग फार क्वचित येतो. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या बाबतीत तो आला.

माया लिनचा जन्म १९५९चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. आईवडील चीनमधून आलेले. वडील मातीकामाचे कलावंत आणि कलाशाखेचे अधिष्ठाता, आई कवयित्री आणि साहित्याची प्राध्यापिका. येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने या स्मारकाचा आराखडा केला. खुल्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या. नावांऐवजी क्रमांक लावून त्या मांडल्या होत्या. तिचा क्रमांक १०२६. मे १९८१मध्ये निकाल लागला तेव्हा ती २१ वर्षांची होती. हीच रचना तिने वर्गात सादर केली तेव्हा तिला अव्वल श्रेणी मिळाली नव्हती. ही गोष्ट नेहमी गंमत म्हणून सांगितली जाते. प्राध्यापकांना कळले नाही ते परीक्षकांना कळले, असा तिचा सूर असतो. मला ती इतकी सोपी वाटत नाही.

या आराखड्याच्या आधीचे टप्पे पाहू. येलच्या वूल्झी हॉलमध्ये युद्धात मरण पावलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे संगमरवरी भिंतींवर कोरलेली आहेत. लिन पहिल्या-दुसऱ्या वर्षाला होती त्या काळात तिथे व्हिएतनाम युद्धातील मृतांची नावे कोरण्याचे काम चालू होते. येता-जाता ती ते पाहत होती. हा काही प्रकल्प नव्हे, पण धडा होता. नाव हे दगडातले काम असते आणि त्याला वेळ लागतो. तिसऱ्या वर्षी ती डेन्मार्कला गेली. कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागाचा अभ्यास करताना तिथली मोठी दफनभूमी तिच्या नजरेत भरली. लोक तिथे फिरायला येतात, बाकांवर बसतात. मृतांची जागा शहरापासून तोडलेली नाही. स्मशान गावाबाहेर असण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना यातले नवल चटकन कळेल.

चौथ्या वर्षी काही विद्यार्थ्यांनी मिळून मृत्यूशी संबंधित वास्तूंचा एक अभ्यासवर्ग सुरू करून घेतला. त्यात एक काम मिळाले ते तिसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाचे. न झालेल्या युद्धाचे स्मारक! लिनने जमिनीखालची, थडग्यासारखी एक वास्तू आखली. आत जाणाऱ्याची वाट खुंटावी, त्याला व्यर्थता जाणवावी, अशीच ती मुद्दाम रचलेली होती. ते पाहून प्राध्यापक चिडले. आपला भाऊ अशा युद्धात गेला असता, तर या स्मारकाकडे आपण कधी फिरकलो नसतो, अशा आशयाचे ते बोलले. लिनने पुढे लिहिले आहे, की तिसऱ्या महायुद्धानंतर स्मारक पाहायला कोणी उरणारच नाही, असे उत्तर त्यांना द्यावेसे वाटले होते.

या दोन्ही बाजू मला बरोबर वाटतात. विद्यार्थिनीचा तर्क बिनतोड होता. परंतु प्राध्यापकांच्या रागात स्मारकाविषयीचा मूळ प्रश्न होता: इथे येणार कोण, आणि येऊन तो काय करणार? पुढच्या आराखड्याकडे पाहिले की या प्रश्नाने काय केले ते दिसते. जमिनीत उतरणे कायम राहिले, पण वाट बंद झाली नाही. उतरणारा माणूस चालत चालत पुन्हा वर येतो. थडग्याचे छप्पर गेले आणि त्याची एक बाजू आकाशाला उघडी झाली. व्हिएतनाम स्मारक म्हणजे तिसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाची दुरुस्त केलेली प्रत आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. एका प्रकल्पावरची टीका दुसऱ्या प्रकल्पात फळाला आली. मात्र ती फक्त दुसऱ्याच प्रकल्पासाठी उभ्या राहिलेल्या परीक्षकाला दिसणे शक्य नव्हते.

आता खुद्द आराखडा. स्पर्धेची माहिती मिळाल्यावर वर्गाने तेच अखेरचे काम म्हणून घेतले. विद्यार्थी जागा पाहून आले. सुरीने जमीन कापून उघडावी आणि कापलेली कड घासून गुळगुळीत करावी, ही कल्पना लिनला तिथेच सुचली. तिचे पहिले मॉडेल विद्यापीठाच्या भोजनगृहात कुस्करलेल्या बटाट्यात झाले. आरंभी वाटेत काही मोठ्या सपाट शिळा ठेवण्याचाही तिचा विचार होता. त्या परक्या वाटल्या म्हणून तिने काढल्या. प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट विचारली: दोन भिंती एका कोनात मिळतात, तर त्या कोनाला काही अर्थ हवा. त्यातून नावांचा क्रम ठरला. नावे वर्णानुक्रमाने नाहीत, मृत्यूच्या क्रमाने आहेत. १९५९पासून सुरू होणारी यादी कोनापाशी, उजव्या भिंतीवर सुरू होते, त्या भिंतीच्या टोकाला जाते, डाव्या भिंतीच्या टोकापासून पुन्हा सुरू होते आणि १९७५ साली कोनापाशीच संपते. पहिला मृत आणि शेवटचा मृत शेजारी येतात.

कागदावरची चित्रे पेस्टल रंगांची, धूसर होती. व्यावसायिक कार्यालयांच्या सफाईदार रेखांकनांपुढे ती लहान मुलाची वाटावीत अशी. सोबत हाताने लिहिलेला एक मजकूर होता. लिनच्याच सांगण्यानुसार आराखड्यापेक्षा या मजकुराला अधिक वेळ लागला. त्यात इमारतीचे वर्णन कमी, चालणाऱ्याचे अधिक आहे. तो कुठून येतो, जमीन कशी उतरते, नावे कशी वाढत जातात, एवढेच ती सांगते. मजकूर अडलेला असताना तिने व्हिन्सेन्ट स्कली यांचे एक व्याख्यान ऐकले. विषय होता फ्रान्समधील तिएप्वाल येथील ल्युटेन्सचे स्मारक. सोमच्या लढाईत बेपत्ता झालेल्या ७२ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. ल्युटेन्सचेच दिल्लीतील इंडिया गेट आपल्या परिचयाचे आहे. त्यावरही १३ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, पण आपल्यातल्या किती जणांनी त्यांतले एक तरी नाव वाचले आहे? कमान मान वर करायला लावते. बरीच नावे हाताच्या आणि नजरेच्या पलीकडे राहतात. लिनच्या भिंतीवर नाव हाताला लागते. काळ्या, घासलेल्या दगडात वाचणाऱ्याचा चेहरा त्याच नावांवर उमटतो. तिएप्वालकडून तिने यादी घेतली आणि कमान सोडून दिली.

या सगळ्याला वर्गात अव्वल श्रेणी का मिळाली नसावी? कारण शीटवर जे नाही त्यावर हा आराखडा उभा आहे. नकाशा म्हणजे दोन रेषा. दर्शनी भाग जवळपास नाहीच. दोन्ही बाजूंना सुमारे ७५ मीटर लांब आणि कोनापाशी जेमतेम ३ मीटर उंच अशी भिंत कागदावर किती जागा व्यापणार? एका शीटची दुसऱ्या शीटशी तुलना करणाऱ्या पद्धतीला हे काम अपुरे दिसणारच. यात शिक्षकांचा आंधळेपणा कमी आणि मोजमापाची मर्यादा अधिक आहे. ज्या वर्गाने तिला कमी श्रेणी दिली, त्याच वर्गाने तिला दोन निर्णायक प्रश्नही दिले, हे विसरता येत नाही.

आता या आराखड्याच्या उणिवेकडे वळू. ती सफाईची नव्हे, अधिक खोल आहे. स्पर्धेच्या अटींत अमेरिकेच्या सर्व मृत आणि बेपत्ता सैनिकांची नावे हवीत आणि युद्धाविषयी राजकीय विधान नको, असे स्पष्ट होते. विद्यार्थिनीने अटी स्वीकारल्या. भिंतीवर ५८ हजारांच्या आसपास नावे आली. व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कितीतरी पट, आणि त्यांतले एकही नाव नाही. क्रिस बर्डन या कलावंताने १९९१ साली तांब्याच्या पानांवर तीस लाख व्हिएतनामी नावांची एक रचना केली ती या रिकाम्या जागेला उत्तर म्हणून. ती नावे त्याला फोनच्या पुस्तकांवरून जुळवावी लागली.

अट नाकारणाराही एक विद्यार्थी आधीच्या दशकात होता. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये शिकणाऱ्या रेम कूल्हासला एका अस्तित्वात असलेल्या वास्तूचा अभ्यास करायचा होता. त्याने निवडली बर्लिनची भिंत. १९७२ साली सहकाऱ्यांसह केलेल्या ‘एक्झोडस’ या प्रकल्पात त्याने लंडनच्या मधोमध भिंतींनी बंद केलेला एक पट्टा कल्पिला, जिथे लोक आपण होऊन कैदी व्हायला येतात. दोन्ही प्रकल्पांत प्रश्न तोच: भिंत माणसांचे काय करते? पण कूल्हासची भिंत बांधण्यासाठी नव्हतीच. लिनने कार्यक्रम मान्य केला आणि रूप बदलले. कूल्हासने कार्यक्रमच उलटवला आणि बांधणी सोडली. विद्यार्थ्यापुढे हे दोन्ही रस्ते असतात, आणि गुणपत्रिकेत त्यांच्यासाठी वेगळे रकाने नसतात.

इथे एक आक्षेप रास्त आहे. लिन जिंकली म्हणून तिचे आधीचे प्रकल्प अर्थपूर्ण दिसतात. हरली असती तर हीच माळ कोणी ओवली असती का? शिवाय तिने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला तो २००० साली, आणि यशानंतर सांगितलेली सुरुवात नेहमीच नीट लागते. हा आक्षेप पुसता येत नाही, पण त्याची कसोटी घेता येते. चार्ल्स कोरिया यांनी १९५५ साली अमेरिकेतील एमआयटीत प्रबंध म्हणून इमारत आखली नाही. रहिवाशांनीच आपली वस्ती कशी सुधारावी हे सांगणारा चित्रपट केला. सुमारे तीन दशकांनी नवी मुंबईतील बेलापूरला त्यांनी लहान अंगणांभोवती घरे रचली. शेजारच्या घराशी सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला आपल्या सोयीने घर वाढवता यावे. पुढे लोकांनी ती वाढवली, कित्येकांनी पाडून नवीही बांधली. इथे स्पर्धा नव्हती, एका रात्रीत आलेली कीर्ती नव्हती. प्रश्न मात्र तोच राहिला होता.

लिनचा आराखडा बांधला जाताना कमी ओढाताण झाली नाही. काळ्या भिंतीला लाजेची चीर म्हणून हिणवले गेले. तडजोड म्हणून तीन सैनिकांचा पुतळा १९८४ साली बसवला गेला, पण भिंतीपासून दूर. नावे वर्णानुक्रमाने लावा, अशी मागणी आली तेव्हा शेकडो स्मिथ एका रांगेत आल्यावर आपला स्मिथ कसा सापडणार, हा मुद्दा पुढे ठेवून मूळचा क्रम वाचवला गेला. कोनाला अर्थ काय, या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी तयार नसते, तर हा क्रम टिकला असता की नाही याची शंका वाटते. दगडासाठी स्वीडन आणि कॅनडा वगळले गेले, कारण सक्तीची लष्करभरती चुकवणारे अमेरिकी तरुण तिकडे गेले होते. शेवटी ग्रॅनाइट गेला तो आपल्या बंगळूरकडचा.

आपल्या वास्तुकला महाविद्यालयांत आजही ज्युरी त्या सत्राची शीटे पाहून उठते. विद्यार्थ्याने मागल्या वर्षीचे, ज्यावर त्याला बोलणी खावी लागली ते शीट शेजारी लावावे, एवढा बदल तरी करून पाहण्यासारखा आहे. त्याला खर्च एका पिनेचा येतो.