आरोपीचे मौन : बेणारे आणि क्रोनो

भूमिकाप्रधान संगणकीय खेळांतील नायक बोलका असावा की मूक, या प्रश्नाची चर्चा बहुधा तंत्र आणि खर्च यांच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात तो नाट्यसमीक्षेच्या अंगाने पाहावयाचा आहे. त्यासाठी दोन खटले शेजारी ठेवले आहेत : विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधील लीला बेणारेचा आणि जपानच्या स्क्वेअर कंपनीच्या 'क्रोनो ट्रिगर' (१९९५) या खेळातील क्रोनोचा.

क्रोनोवर राजकन्येच्या अपहरणाचा आरोप आहे. जत्रेत खेळाडूने सहज म्हणून केलेल्या गोष्टी, म्हणजे दुसऱ्याचे जेवण खाल्ले काय, हरवलेले मांजर मुलीला आणून दिले काय, त्या न्यायालयात साक्षीपुराव्याच्या रूपाने परत येतात. आरोपी मात्र जवळजवळ बोलतच नाही. खेळाडू समोरच्या पर्यायांतून उत्तर निवडतो. ते न्यायालयास पोहोचते, पण क्रोनोच्या तोंडचे वाक्य होत नाही. बेणारेचे नेमके उलटे आहे. काशीकर तिला दहा सेकंद देतात, भोवतालची पात्रे थिजतात आणि ती आपले दीर्घ स्वगत बोलते. प्रेक्षक ते ऐकतात. कोर्टाच्या कानी त्यातले अक्षरही पडत नाही. म्हणजे क्रोनोचे उत्तर केवळ न्यायालयासाठी, बेणारेचे केवळ प्रेक्षकांसाठी. निर्दोष ठरला तरी क्रोनोचा तुरुंग टळत नाही, हे साम्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

क्रोनोचे मौन परिणामकारक ठरते ते त्याच्या स्वभावामुळे नव्हे. तो स्वभाव आपल्याला फारसा ठाऊकच नसतो. जेवण खाणारा हात खेळाडूचा होता, म्हणून ओशाळतो तोही खेळाडूच. तेथे नायकाने खणखणीत आवाजात बचाव मांडला असता, तर आरोप त्याचा झाला असता आणि आपण पुन्हा प्रेक्षक झालो असतो. 'मास इफेक्ट' (२००७) मध्ये ही फट दिसते : खेळाडू दोन-चार शब्दांचा पर्याय निवडतो आणि शेपर्ड कधीकधी अनपेक्षित तिखटपणाने वेगळेच बोलून जातो. मात्र मौन सर्वत्र श्रेष्ठ असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. 'द विचर ३' (२०१५) मधील गेराल्ट कादंबऱ्यांतून आपला भूतकाळ घेऊन आलेला आहे. त्याला मुका करणे ही पळवाट ठरली असती.

मराठीत हा प्रश्न अधिक अवघड आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) हा खेळ साहसप्रकारातला. त्यातील नायिका बोलते, पण मूळ ध्वनिमुद्रण इंग्रजीत आहे. इंग्रजीत 'मी' च्या क्रियापदास लिंग नसते. मराठी नायकाने 'मी येतो' एवढे उच्चारले की खेळाडूचे स्त्री-पुरुषपण ठरून जाते. समोरच्यास 'तू' म्हटले की 'अहो', यावरून वय आणि नातेही ठरते. कागदावरील पर्यायांत हे थोडेफार झाकता येते, आवाजात नाही. त्यातही मलकापुराहून महामार्गाने कोल्हापूरकडे निघावे, तर तिकडच्या बोलीत स्त्रियाही 'मी येतो' म्हणताना आढळतात. प्रमाण मराठीचा आग्रह धरणारा निर्माता नायिकेस 'येते' म्हणावयास लावील, आणि तिकडची मुलगी पहिल्याच वाक्यास ओळखील की पडद्यावर बोलणारी आपण नव्हे.