गणित सोडले म्हणजे नेमके काय सोडले?

दहावीचा निकाल लागला, की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : डॉक्टर व्हायचे की इंजिनिअर? उत्तर 'डॉक्टर' असे आले, तर पुढचा सल्ला ठरलेला असतो. 'मग गणित सोडून दे. नीटला गणिताचा पेपर नाही. उगाच वेळ कशाला घालवतोस?' हा सल्ला पालक देतात, क्लासवाले देतात आणि दुर्दैवाने पुष्कळदा आपण शिक्षकही देतो. प्रवेशपरीक्षेपुरता तो बरोबर आहे. पण तो देताना विद्यार्थ्याच्या पुढच्या शिक्षणाचा विचार झालेला नसतो, हा माझा आक्षेप आहे.

आधी एक साधा हिशेब पाहू. २०२४ साली सुमारे २३ लाख विद्यार्थी नीटला बसले. एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून १ लाखाहून थोड्याच अधिक. म्हणजे साधारण विसांत एकाला जागा. काहीजण दंतवैद्यक, आयुर्वेद अशा शाखांकडे जातात. पण उरलेल्या मोठ्या संख्येला बारावीनंतर नव्याने वाट शोधावी लागते. अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र यांपैकी बहुतेक दारे गणिताशिवाय उघडत नाहीत. सोळाव्या वर्षी सहज घेतलेल्या निर्णयाची किंमत अठराव्या वर्षी कळते.

ज्याला जीवशास्त्रातच राहायचे आहे, त्याला तरी गणित नको असते का? सिकलसेलचे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या वस्तीत दर १०० बालकांमागे एकाला हा आजार आहे. आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. सदोष जनुकाचे प्रमाण 'ब' मानले, तर ब² = १/१००, म्हणून ब = १/१०. निर्दोष जनुकाचे प्रमाण अ = ९/१०. विवाह यादृच्छिक होतात असे धरले, तर आजारी नसलेल्या पण जनुक बाळगणाऱ्या वाहकांचे प्रमाण २अब, म्हणजे १०० पैकी १८! रुग्ण एक आणि वाहक अठरा. आरोग्यसेवकाच्या दृष्टीने ही माहिती केवढी महत्त्वाची आहे! आणि ती मिळाली कशातून? (अ + ब)² = अ² + २अब + ब² या शाळेतल्या नित्यसमानतेतून. हा नियम १९०८ साली दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. हार्डी हे इंग्रज गणिती होते, तर वाइनबर्ग हे जर्मन डॉक्टर.

इथपर्यंत दहावीचे गणित पुरले. पुढे ते पुरत नाही. १९०५-०६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ होती. तिच्यातील मृत्यूंचे आठवडावार आकडे घेऊन केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली साथीचे गणित मांडले. यांपैकी मॅकेन्ड्रिक हे भारतात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर होते. रोगाला बळी पडू शकणारे, रोगी आणि साथीतून बाहेर पडलेले अशा तीन गटांची संख्या कोणत्या दराने बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. २०२० साली कोविडच्या अंदाजांसाठी जी प्रतिकृती वापरली गेली, तिचे मूळ इथेच आहे. 'बदलाचा दर' म्हणजे विकलन. ते अकरावीत येते आणि नेमके तिथेच आपण या मुलांचा गणिताशी संबंध तोडतो.

आपली पाठ्यपुस्तकेही याची साक्ष देतात. राज्य मंडळाच्या २०१९ सालच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. सदिश आणि कलन यांची तोंडओळख तिथे करून द्यावी लागते. गणिताच्या पुस्तकात मात्र विकलन येते ते दुसऱ्या भागाच्या शेवटच्या, नवव्या प्रकरणात. म्हणजे ज्यांनी गणित घेतले आहे, त्यांनाही ते हवे तेव्हा मिळत नाही. ज्यांनी सोडले, त्यांना तर ते काही पानांत उरकावे लागते. बारावीच्या रसायनशास्त्रात अभिक्रियेच्या वेगाची सूत्रे संकलनाने निघतात. गणित सोडलेला विद्यार्थी शेवटची ओळ पाठ करतो. जीवशास्त्रात संशोधन करू इच्छिणारी हुशार मुले माझ्याकडे येतात. आलेखाचा एक अक्ष लॉगॅरिथमचा असला, की त्यांतली बरीचशी गोंधळतात. यात दोष त्यांच्या बुद्धीचा नाही, आपण आखून दिलेल्या वाटेचा आहे.

यावर कोणी म्हणेल, नीटचे ओझे असलेल्या मुलावर आणखी एक अख्खा विषय लादायचा का? आक्षेप रास्त आहे. शंकुच्छेद किंवा संकलनाच्या क्लृप्त्या भावी डॉक्टरला क्वचितच लागतील. उलट त्याला सर्वांत उपयोगी अशी संभाव्यता वितरणे बारावीच्या पुस्तकात अगदी शेवटी येतात. खरी अडचण अशी, की आपण 'सगळे गणित' आणि 'शून्य गणित' एवढेच दोन पर्याय ठेवले आहेत. केंद्रीय मंडळाने २०२०-२१ पासून अकरावीला 'उपयोजित गणित' हा वेगळा विषय सुरू केला. त्याचा रोख मुख्यतः वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे आहे. जीवशास्त्राच्या मुलांसाठी तसाच, पण आटोपशीर अभ्यासक्रम का असू नये?

तो होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयात आठवड्यातून एक तास काढता येईल. घातांक व लॉगॅरिथम, आलेखवाचन, बदलाचा दर, संभाव्यता आणि प्राथमिक संख्याशास्त्र एवढे पाच विषय, परीक्षेविना, जीवशास्त्रातील उदाहरणांसह शिकवावेत. शक्य असेल त्या विद्यार्थ्याने जीवशास्त्राबरोबर गणितही घ्यावे. आणि दहावीच्या वर्गशिक्षकांनी 'कोणती प्रवेशपरीक्षा देणार?' या प्रश्नाबरोबरच 'पदवीच्या वर्गात काय शिकावे लागेल आणि त्याला कोणते गणित लागेल?' हेही विचारावे. गणित सोडायचेच असेल, तर आपण काय सोडतो आहोत हे त्या मुलाला आधी कळायला हवे. ते सांगणे आपले काम आहे.