नवसाचा हिशेब : एकनाथांच्या ‘रोडगा’ भारुडातील विनोद

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’कर्त्या या संतकवीच्या वीरशैव परंपरेत अंगावर धारण केलेल्या इष्टलिंगाखेरीज अन्य दैवताला स्थान नाही, त्यामुळे नवस-सायासांचा प्रश्न तेथे तत्त्वतःच निकालात निघतो. त्याच मराठवाड्यात, गोदाकाठच्या पैठणला, सोळाव्या शतकात एकनाथांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. त्यांनी नवसाचे खंडन केले नाही. नवस करणाऱ्या बाईलाच बोलू दिले. भवानीला रोडगा वाहण्याचा नवस हा विषय असलेले त्यांचे भारूड म्हणूनच श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्या सीमेवरील लोकजीवनाचे एक मार्मिक विनोदी चित्र ठरते.

या भारुडाचे आजवर प्रामुख्याने दोन अन्वयार्थ लावले गेले. पहिला आध्यात्मिक. त्यानुसार सासरा, सासू, जाऊ, नणंद ही अहंकार, कल्पना, वासना इत्यादींची रूपके ठरतात आणि त्यांच्या नाशानंतर उरणारे एकटेपण म्हणजे कैवल्य. दुसरा सुधारणावादी. त्यात हे भारूड नवसाच्या वेडगळपणावरील प्रहार मानले जाते. दोन्ही अन्वयार्थ निराधार नाहीत. परंतु दोहोंत एक गोष्ट निसटते, ती म्हणजे श्रोत्यांचे हसू. ते कशातून निर्माण होते, हा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरित राहतो.

विनोदाचे पहिले कारण व्यवहारातील विषमता हे आहे. देवीला द्यायचा आहे तो निखाऱ्यावर भाजलेला गव्हाचा जाडजूड रोडगा, आणि मोबदल्यात हवा आहे तो अख्ख्या घराचा निकाल. परगावी गेलेला सासरा तिकडेच संपावा, जाचक सासू लवकर मरावी, तोंडाळ जाऊ बोडकी व्हावी, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. या मागण्यांत एक हिशेबीपणा आहे : ज्याचा त्रास जेवढा, तेवढीच त्याला शिक्षा. पोराच्या वाट्याला मरण येत नाही, खरजेवर भागते. घरातल्या रोजच्या कटकटीचा असा नेमका तपशील रूपकाच्या गरजेपोटी आलेला नाही. तो शेतकरी घरातल्या सुनेच्या अनुभवातून आलेला आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जाऊ बोडकी व्हावी, असे मागणारी ही बाई पुढे स्वतःच्या दादल्याचीच आहुती द्यायला निघते. वैधव्य हे जावेच्या बाबतीत शिक्षा, तर स्वतःच्या बाबतीत सुटका ठरते. ही विसंगती तिच्या लक्षात येत नाही, श्रोत्यांच्या येते. आणि येथेच हसू क्षणभर अडखळते. नवऱ्याचे मरण हाच ज्या संसारात सुटकेचा एकमेव मार्ग दिसतो, त्या संसाराविषयी हे भारूड पुष्कळ काही सांगून जाते. हसे होते ते बाईचे नव्हे, तिने देवीशी मांडलेल्या सौद्याचे. गाऱ्हाणे मात्र खरेच राहते.

देवीही येथे उपहासाचा विषय नाही. एकनाथांच्याच जोगव्यात भवानी पूर्ण आदराने अवतरते. तेथे मागणे आहे ते बोधाचे. दैवत तेच, बदलते ते मागणे.

रूपकाच्या प्रश्नाचाही या संदर्भात फेरविचार करावा लागतो. ‘विंचू’ भारुडात रूपकाची किल्ली संहितेतच दिलेली आहे : विष कामक्रोधाचे, उतारा सत्त्वगुणाचा. ‘रोडग्या’त अशी किल्ली नाही. सासू म्हणजे कोण, हे भारूड सांगत नाही. ते भाष्यकार सांगतात. संहितेत आहे ती केवळ अखेरची नाममुद्रा, आणि तिच्यासोबत येणारी, सगळे जाऊन आपण एकटीच उरावे ही इच्छा. अध्यात्म येथे हास्याच्या शेवटी, उशिरा येते. श्रोता मनमोकळे हसून घेतो आणि मगच त्या एकटेपणापाशी थबकतो. ते एकटेपण कैवल्याचे आहे तसेच ओसाड घराचेही आहे. नैवेद्याचा रोडगा वाटून खायचा असतो. येथे वाटून घ्यायला कोणी उरलेलेच नाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि पहिल्या अर्थासाठी दुसरा पुसून टाकला तर पहिलाही पोकळ होतो.

प्रयोगात हे द्व्यर्थीपण आणखी वाढते. परंपरेने पुरुष लुगडे नेसून ही सून उभी करतो, तेव्हा गाऱ्हाण्यात सोंगाची गंमत मिसळते. चंदाबाई तिवाडी यांच्यासारख्या स्त्रिया भारूड सादर करू लागल्यानंतर मात्र सोंग आणि गाऱ्हाणे यांतील अंतर कमी झाले. संहितेचा शब्द न बदलता तिच्या विनोदाचा केंद्रबिंदू सरकू शकतो, ही गोष्ट केवळ छापील भारूड वाचणाऱ्या समीक्षेने विसरता कामा नये.

१५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या पंडिताने नवस बोलणाऱ्या सुनेचा सूर इतक्या अचूकपणे पकडावा, यात आश्चर्य आहे आणि सुसंगतीही. दोन्हीकडे दुसऱ्याचा शब्द नीट ऐकण्याची तीच शिस्त आहे. सिद्धान्ताने नवस नाकारता येतो. पण तो का बोलला जातो, हे कळण्यासाठी बोलणारीचे ऐकून घ्यावे लागते. ‘रोडगा’ भारुडातील विनोद हे असे ऐकून घेणे आहे. रूपकाच्या घाईत समीक्षेने त्या बाईला पुन्हा गप्प करू नये.