लस, दर आणि तुटवडा : सीरम इन्स्टिट्यूटच्या व्यवसायनीतीची चिकित्सा

एप्रिल २०२१ च्या पूर्वार्धात सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक केंद्रांवर साठ्याअभावी लसीकरण थांबले. वस्तुतः कोव्हिशील्ड तयार होत होती ती शेजारच्याच पुण्यात! त्याच महिन्यात 'सीरम'ने राज्यांसाठी मात्रेमागे ४०० व खासगी रुग्णालयांसाठी ६०० रुपये दर जाहीर केला; केंद्र मात्र १५० रुपयांनी खरेदी करीत होते. टीकेनंतर राज्यांचा दर ३०० झाला. उत्पादनवाढीस भांडवल लागते, हा कंपनीचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या उद्योगाची प्रेरणा पूनावालांच्या अश्वशाळेतून शासकीय हाफकिन संस्थेकडे जाणाऱ्या घोड्यांत होती. सार्वजनिक संशोधनाचे हे ऋण दर ठरविताना विचारात घेतलेले दिसत नाही. अर्थात राज्यांना स्वतंत्र ग्राहक बनविणारे धोरण केंद्राचेच होते, आणि २१ जून २०२१ पासून ते बदलावे लागले.