पाया न दाखवणारा नकाशा

फंग यू-लान यांचा चिनी तत्त्वज्ञानाचा संक्षिप्त इतिहास (१९४८) नव्या वाचकाने आधी हाती घ्यावा असाच आहे. पण इतर संस्कृतींत धर्माला जे स्थान, ते चीनमध्ये तत्त्वज्ञानाला, ही त्यांची मांडणी मला पटत नाही. पार्श्वभूमी सांगताना त्यांचा भर भूगोल आणि शेतीवर आहे. मग देवापितरांचं काय?

आन्यांगला १९२८पासून उत्खनन झालं. तिथे मिळालेल्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर शांग राजांचे कौल कोरलेले आहेत: पाऊस पडेल का? दात दुखतोय, तो कुठल्या पूर्वजाच्या कोपाने? इ.स.पू. ११व्या शतकात झोऊंनी शांगांना हरवलं आणि स्वर्गाची आज्ञा आता आपल्याकडे आली असं सांगितलं. ‘दा यू’ या तीनपायी कांस्यपात्रावरच्या लेखात तर शांगांचे अधिकारी दारूच्या नादी लागले म्हणून बुडाले, असं चक्क कारण दिलंय. म्हणजे राजाच्या नीतीचा प्रश्न निघाला तो देवघरातून. कन्फ्यूशियसचा ‘ली’ हा शब्दसुद्धा आधी पूजाविधीचा, मग सदाचाराचा.

जुन्या बांधकामाची पाहणी करताना आम्ही इंजिनिअर आधी पाया उकरून बघतो. फंग मजले उत्तम दाखवतात. पण कन्फ्यूशियसला निव्वळ नीतिशिक्षक समजण्याची आपल्याकडची सवय अशा नकाशांमुळेच पक्की होते.