ऐतिहासिक रहस्यमालिकांतील काळाची विश्वसनीयता : ‘ब्योमकेश बक्षी’च्या संदर्भात

प्रास्ताविक :
भूतकाळात घडणाऱ्या गुप्तहेर-मालिकांचे मूल्यमापन करताना वेशभूषा, मोटारी, दिवे, फर्निचर यांच्या अचूकतेची चर्चा अधिक होते. तथापि रहस्यकथेचा गाभा पुरावा हा असतो. त्यामुळे त्या काळातील माणसाला काय कळू शकत होते, किती वेळात कळत होते आणि कळलेले न्यायालयात टिकत होते काय, हे प्रश्न अधिक मूलभूत ठरतात. बासू चटर्जी दिग्दर्शित आणि १९९३ पासून दूरदर्शनवर प्रक्षेपित झालेल्या ‘ब्योमकेश बक्षी’ या हिंदी मालिकेचा प्रस्तुत लेखात या दृष्टीने विचार केला आहे.

मूळ कथा आणि मालिका :
शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९-१९७०) यांनी ब्योमकेश-कथांचे लेखन १९३२ मध्ये सुरू केले. १९३८ मध्ये चित्रपटलेखनासाठी ते मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. म्हणजेच उत्तरकालीन कथांतील कलकत्ता पुण्यात राहून लिहिले गेले. स्थळाचे हे अंतर विश्वसनीयतेस बाधक ठरले नाही, कारण त्यांच्या कथांत काळ हा सजावट नसून घटनांचे कारण असतो. ‘सत्यान्वेषी’ कथेत ब्योमकेश खोटे नाव सांगून मेसमध्ये राहतो. अनोळखी माणसाची ओळख केवळ त्याच्या बोलण्यावागण्यावरून ठरत असे, म्हणूनच हे कथानक शक्य होते. दुसऱ्या एका कथेत ग्रामोफोनची पिन व सायकलची घंटा या नित्याच्या वस्तू हत्येचे साधन बनतात. रजित कपूर यांचा संयत अभिनय आणि कथानकाशी राखलेली निष्ठा यांमुळे हा कार्यकारणभाव मालिकेतही टिकून राहतो.

मर्यादा :
मूळ कथांतील ब्योमकेश महायुद्ध, १९४६ ची दंगल, स्वातंत्र्य यांतून जात वयाने वाढतो. मालिकेत मात्र भागाभागांतील वर्षांचे अंतर फारसे जाणवत नाही. ‘जुना काळ’ एकसंध भासतो. रहस्यकथेत हा दोष किरकोळ नाही. उदाहरणार्थ, कलकत्त्याची स्थानिक वेळ १९४८ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २४ मिनिटे पुढे होती, तर मुंबईची वेळ १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे होती. आरोपी घटनास्थळी नव्हता हे घड्याळावरून ठरवायचे असेल, तर ते घड्याळ शहराचे की रेल्वेचे, यावर निर्दोषत्व अवलंबून राहते.

याहून गंभीर प्रश्न कबुलीजबाबाचा आहे. दिवाणखान्यात सर्वांसमक्ष गुन्हेगाराने कबुली द्यावी, हा या साहित्यप्रकाराचा रूढ शेवट आहे. परंतु १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यास दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. कबुली म्हणजेच न्याय, अशी समजूत प्रेक्षकांत रुजत असेल, तर छळाने मिळवलेली कबुलीही त्यांना ग्राह्य वाटू लागते. कलावंताचे स्वातंत्र्य मान्य करूनही हा परिणाम दुर्लक्षिता येत नाही.

स्थानिक उपयोजन :
हाच निकष पनवेल तालुक्यातील गव्हाण परिसरावर बेतलेल्या संभाव्य मालिकेलाही लावता येईल. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्याने येथून मुंबई जवळ आली. १९५० मधील कथेत मात्र जिल्हा कुलाबा असेल आणि वाशीचा खाडीपूलही (१९७३) नसेल. संशयिताने होडीने खाडी ओलांडली असल्यास तपासणाऱ्याला प्रथम भरती-ओहोटीचे गणित मांडावे लागेल. ते न मांडता केवळ कंदील व बैलगाडी दाखवल्यास काळ उभा राहणार नाही.

निष्कर्ष :
ऐतिहासिक रहस्यमालिकेची विश्वसनीयता वस्तूंच्या जुनेपणावर नव्हे, तर तर्काच्या कालसुसंगतीवर ठरते. ‘ब्योमकेश बक्षी’ या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते. वर्षांचा बदल पुसट झाल्याने मात्र मूळ कथांतील इतिहासाचा ताण तिच्यात उणावतो.